दोन ट्रक तांदळात एक दाणा

भंडारा जिल्ह्याच्या साकोली तालुक्यातलं एकोडी हे गाव धानाच्या पट्ट्यात येतं, तेव्हा हिशेब तांदळातच मांडू. एक दाणा साधारण 20 मिलिग्रॅमचा धरला, तर एका क्विंटलात 50 लाख दाणे भरतात. 100 कोटी दाणे हवे असतील तर 200 क्विंटल तांदूळ लागेल, म्हणजे दोन ट्रक. या दोन ट्रकांत एकच दाणा काळा रंगवून मिसळायचा आणि तो हुडकायला सांगायचा. माणसाच्या नाकाला हे जमतं.

मशीनवर विणलेला गालिचा नवा असताना जो वास मारतो, त्यात मोठा वाटा 4-फिनाइलसायक्लोहेक्झिन नावाच्या द्रव्याचा असतो. गालिच्याच्या पाठीला धागे धरून ठेवणारा कृत्रिम रबराचा थर असतो, त्यातून ते सुटतं. हवेच्या 100 कोटी रेणूंत त्याचा एक रेणू असला तरी नाकाला कळतो, काही नाकांना तर त्याहून कमीही पुरतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने 1987-88 मध्ये वॉशिंग्टनच्या वॉटरसाइड मॉलमधल्या आपल्या मुख्यालयात नवे गालिचे घातले, आणि देशाच्या हवेची राखण करणाऱ्या या कार्यालयातलेच कर्मचारी डोळे चुरचुरतात, डोकं दुखतं, श्वास अडतो म्हणू लागले. 1990 मध्ये त्यांच्या संघटनेने आपल्याच संस्थेकडे अर्ज केला, की गालिच्यातून सुटणाऱ्या द्रव्यांवर कायद्याने मर्यादा घाला. संस्थेने तो फेटाळला आणि त्याऐवजी गालिचा कंपन्यांशी बोलणी सुरू केली. त्रास खरा होता, पण तो नेमका याच द्रव्यामुळे झाला, हे सिद्ध झालं नाही.

आता तोच एक दाणा रांगत्या लेकराच्या छातीत मोजू. नऊ किलोचं मूल एका श्वासात साधारण 65 मिलिलिटर हवा घेतं. एका मिलिलिटरमध्ये हवेचे इतके रेणू असतात, की त्यांचा शंभर कोटीवा भाग काढला तरी अडीच हजार कोटी उरतात. म्हणजे एका श्वासात या द्रव्याचे सुमारे 1 लाख 60 हजार कोटी रेणू आत जातात. मिनिटाला 35 श्वास धरले तर दिवसाला 50 हजार श्वास झाले आणि रेणूंचा आकडा 8 वर 16 शून्यं एवढा झाला. घाबरायला एवढं पुरेसं आहे. पण या सगळ्या रेणूंचं वजन केलं तर ते भरतं 21 मायक्रोग्रॅम, म्हणजे तांदळाच्या एका दाण्याचा हजारावा भाग. शिवाय दारं-खिडक्या उघड्या ठेवल्या तर हा वास काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत ओसरतो.

माझं म्हणणं असं, की आपण नाकावर जास्तच विश्वास टाकतो. जे वास मारतं ते बहुधा निघून जातं. जे घरात ठाण मांडून बसतं, त्याला वास नसतो.

एकोडीसारख्या गावात भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा कोण घालतो? शेणाने सारवलेल्या जमिनीवर किंवा कोब्यावर आता पसरतं ते रोलमधून मीटरवर कापून मिळणारं फुलाफुलांचं प्लॅस्टिकचं मॅट. शिंदीच्या चटईपेक्षा ते दिसायला छान, पुसायला सोपं आणि खिशाला परवडणारं. हे मॅट पीव्हीसीचं असतं. पीव्हीसी मुळात कडक, नळाच्या पाइपासारखं. त्याला लवचीक करायला त्यात तेलासारखं द्रव्य मिसळतात आणि ते बहुतेकदा थॅलेट गटातलं असतं. दहा बाय बारा फुटांच्या खोलीचं, जेमतेम पाऊण मिलिमीटरहून जाड मॅट 11 किलोच्या आसपास भरतं. त्यात तेलाचा वाटा चौथा हिस्सा धरला, तर जमिनीवर पावणेतीन किलो तेल अंथरलेलं आहे. दात येणाऱ्या बाळाच्या हातातलं चोखणं 50 ग्रॅमचं असेल, तर भारतीय मानकाप्रमाणे त्यात मर्यादा घातलेल्या थॅलेटांचं प्रमाण 0.1 टक्का, म्हणजे 50 मिलिग्रॅम, याच्या वर जाता कामा नये. 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांना हे मानक बंधनकारक आहे. मॅटमधलं सगळं तेल त्याच जातीचं निघालं, तर एका खोलीतल्या तेलात अशी 55 हजार चोखणी मर्यादेपर्यंत भरतील. ते कोणत्या जातीचं आहे, हे रोल विकत घेणाऱ्याला दिसत नाही. आणि मॅट हे खेळणं नव्हे, म्हणून खेळण्यांचा आदेश त्याला लागू नाही. बाळ चोखणं घटकाभर चोखतं, मॅटवर दिवसभर लोळतं.

हे तेल हवेत फार सावकाश सुटतं. डीईएचपी नावाच्या, सर्वांत ओळखीच्या थॅलेटवर 2012 मध्ये डेन्मार्कच्या संशोधकांनी केलेली मोजणी अशी: 23 अंशांना पीव्हीसीच्या फरशीवरच्या हवेत घनमीटरमागे सुमारे 1 मायक्रोग्रॅम, 35 अंशांना 10, 47 अंशांना 38. थंड खोलीच्या हिशेबाने पावणेतीन किलो तेल संपायला हजारो वर्षं लागतील, मॅट तर चार-पाच वर्षांत फाटतं. पण आपल्याकडे थंड खोली कुठली? मे महिन्यात भंडारा जिल्ह्यात पारा 44-45 वर जातो आणि टिनाच्या छताखालच्या दुपारी 35 अंश म्हणजे गारवाच. युरोपातल्या खोलीसाठी काढलेले आकडे इथे दहापटीने वाढवूनच वाचायला हवेत.

सुटलेलं तेल हवेत तरंगत राहत नाही, ते धुळीला चिकटतं. आणि धूळ हे तर रांगत्या लेकराचं रोजचं खाणं. सहा महिने ते वर्षभराचं मूल घरात असताना तासाला सरासरी 19 वेळा हात तोंडात घालतं. बारा तास जागं राहिलं तर रोज सव्वादोनशे वेळा, महिन्याला पावणेसात हजार वेळा. अमेरिकेत 2011 मध्ये धरलेल्या अंदाजाप्रमाणे अशा वयात रोज 30 मिलिग्रॅम धूळ पोटात जाते, म्हणजे तांदळाचे दीड दाणे. स्वीडनच्या व्हर्मलांड भागातल्या घरांची धूळ तपासली, तेव्हा एका ग्रॅममध्ये डीईएचपीचा मध्यक 0.77 मिलिग्रॅम निघाला. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत दमा असलेल्या मुलांच्या खोल्यांत हे प्रमाण जास्त दिसलं. नातं दिसलं, कारण सिद्ध झालं नाही, हे लक्षात ठेवू. रोजच्या धुळीचा आणि या मध्यकाचा गुणाकार केला तर रोजचे 23 मायक्रोग्रॅम होतात. पुन्हा दाण्याचा हजारावाच भाग. अमेरिकेची जुनी सुरक्षित मर्यादा किलोमागे रोज 20 मायक्रोग्रॅम, म्हणजे नऊ किलोच्या बाळाला 180. आपण तिच्या आठव्या हिश्श्यावर आहोत. यात प्लॅस्टिकच्या पुड्यांतून आलेलं खाणं धरलेलं नाही, आपला उन्हाळाही नाही.

मांजराचं गणित याहून वाईट. ते चार किलोचं असतं, अंगावर बसलेली धूळ दिवसभर चाटून काढतं आणि त्याचे पाय जेवणाआधी कोणी धूत नाही. 2007 मध्ये अमेरिकेत पाळीव मांजरांच्या रक्तात पीबीडीई ही आग रोखणारी द्रव्यं मोजली, तेव्हा ती तिथल्या प्रौढ माणसांतल्या मध्यकाच्या 20 ते 100 पट निघाली. फोमच्या गाद्यांत आणि गालिच्याखालच्या थरांत ही द्रव्यं वापरली जात. त्यांतल्या दोन व्यापारी मिश्रणांवर भारताने 2018 च्या नियमांनी बंदी घातली. अंगणात झोपणारं कुत्रं या बाबतीत भाग्यवान.

उपाय फार खर्चाचे नाहीत. नवं मॅट आणलं की आठवडाभर पडवीत उलगडून ठेवा. रोज झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा, कारण झाडलेली धूळ उडते आणि परत तिथेच बसते. जेवणाआधी लेकराचे हात धुवा. मे महिन्याच्या दुपारी बाळाला मॅटवर निजवू नका, त्याच्याखाली जुनी सुती सतरंजी किंवा गोधडी घाला.

आणि फाटलेलं मॅट चुलीत किंवा हिवाळ्याच्या शेकोटीत टाकू नका. शुद्ध पीव्हीसीचं 57 टक्के वजन क्लोरीनचं असतं. 11 किलोच्या मॅटमध्ये निम्मं पीव्हीसी धरलं तरी क्लोरीन तीन किलो होतं आणि जळताना ते हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ होऊन, डायॉक्सिन या विषारी द्रव्यांना सोबत घेऊन, शेकायला बसलेल्यांच्याच नाकात जातं.