झोपेची गोळी आणि ऑपरेशनची भूल

मराठीत ‘भूल’ हा मोठा गमतीचा शब्द आहे. चूक झाली तरी भूल, कुणाच्या रूपानं वेड लावलं तरी भूल, आणि ऑपरेशनच्या टेबलावर देतात तीही भूलच. 2017 च्या पावसाळ्यात यातली पहिली आणि शेवटची, अशा दोन्ही भुली आमच्या घरी एकदमच आल्या.

आम्ही मूळचे दौंडचे. अब्बा रेल्वेत फायरमन होते. ते 2005 साली गेले आणि अम्माची झोप उडाली. ज्या शंटिंगच्या आवाजात तिला चाळीस वर्षं गाढ झोप लागत होती, तोच आवाज आता रात्रभर जागवू लागला. डॉक्टरांनी पंधरा दिवसांसाठी गोळी लिहून दिली. ती चिठ्ठी बारा वर्षं चालली. आधी अर्धी, मग एक, मग दीड गोळी. मी शिरूरला नोकरीत, मुशायऱ्यात, कविसंमेलनात. मला पत्ता नव्हता असं म्हणवत नाही. ठाऊक होतं, पण त्यात विशेष काही वाटलं नाही.

पित्ताशयात खडे निघाले म्हणून अम्माला शिरूरला आणलं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी भूलतज्ज्ञ बाई येऊन विचारून गेल्या, “आजी, कोणकोणती औषधं चालू आहेत?” अम्मानं बीपीची सांगितली, साखरेची सांगितली. झोपेच्या गोळीचं नाव तिनं घेतलं नाही, मीही घेतलं नाही. नंतर मी विचारलं तर म्हणाली, “वो दवा थोडीच है बेटा, नींद की गोली है.” आपल्याकडे घरोघरी हीच समजूत आहे. झोपेची गोळी म्हणजे औषध नव्हे.

ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या रात्री मात्र अम्माचे हात थरथरू लागले, अंग घामानं भिजलं. भिंतीवर मुंग्या चालल्यात म्हणाली, अब्बांना हाका मारू लागली, सलाईन ओढून काढायला निघाली. भूलतज्ज्ञ बाईंना बोलावलं. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, “आजी दारू, ताडी असं काही घेतात का?” मला राग आला. पाच वेळची नमाजी बाई! “मग झोपेचं काही?” आणि माझा राग तिथंच विरला.

पहाटेच न्हावरा, चौफुला, पाटस करत दौंड गाठलं. शिवणाच्या डब्यात, रिळांच्या खाली, गोळ्यांची पाकिटं होती. अल्प्राझोलाम, अर्धा मिलिग्रॅम. नाव आणि ताकद फोनवर सांगितली. तीच गोळी पुन्हा सुरू झाल्यावर अम्मा हळूहळू माणसांत आली.

त्या बाईंनी मला जे समजावलं, ते मी माझ्या भाषेत सांगतो. आपल्या मेंदूत गाबा नावाचं एक रसायन ब्रेकचं काम करतं. झोपेच्या गोळ्या या ब्रेकवर जोर देतात. वर्षानुवर्षं जोर पडत राहिला की मेंदू त्याला सरावतो. ब्रेक ढिला करतो आणि तिकडं वाफही वाढवतो. भुलीची बरीच औषधं याच ब्रेकवर चालतात. म्हणून अशा माणसाला नेहमीचा डोस कधी कधी पुरत नाही. अम्माला ऑपरेशनआधी शांत करणारं इंजेक्शन दिलं, तेव्हा तिची पापणीसुद्धा जड झाली नव्हती. बाईंना शंका तेव्हाच आली होती.

याची उलटी बाजूही आहे. रात्रीची गोळी अंगात असताना वरून भूल आणि अफूच्या जातीची वेदनाशामक इंजेक्शनं पडली, तर श्वास मंदावू शकतो. म्हाताऱ्या माणसात जास्तच. म्हणजे कुणाला जास्त लागेल, कुणाला कमी, हे अंदाजानं ठरवता येत नाही. डॉक्टरला चार गोष्टी कळाव्या लागतात : गोळीचं नाव, किती मिलिग्रॅम, किती वर्षं आणि शेवटची कधी घेतली.

आणि तिसरा धोका अम्माचा. गोळी एकदम तुटली की ब्रेक सुटतो, वाफ तेवढीच राहते. थरथर, भ्रम, कधी फेफऱ्यासारखे झटके. अल्प्राझोलामसारख्या गोळीत हे एक-दोन दिवसांत दिसतं, डायझेपाममध्ये आठवडाही जातो. ऑपरेशन आहे म्हणून आपल्याच मनानं गोळी बंद करणारे पुष्कळ भेटतात. तसं करू नये. बहुतेक वेळा डॉक्टर ती चालूच ठेवतात.

ताडीचा प्रश्न त्यांनी उगाच विचारला नव्हता. आपल्याकडे बनावट ताडीत क्लोरल हायड्रेट घालतात, तेही झोपेचंच औषध. नांदेडपलीकडं तेलंगणात तर अल्प्राझोलामच मिसळतात. 2015 साली तिथं अशा ताडीवर कारवाई झाली, ताडी मिळेनाशी झाली आणि निजामाबादकडच्या दवाखान्यांत झटके आणि भ्रम झालेल्या माणसांची रीघ लागली. पिणाऱ्याला ठाऊकही नसतं की आपण गोळी पितो आहोत. मग तो डॉक्टरला काय सांगणार?

अम्माला मात्र ठाऊक होतं. 2014 पासून यातल्या बऱ्याच गोळ्या ‘एच-वन’ यादीत आहेत. दुकानदारानं डॉक्टरचं आणि पेशंटचं नाव वहीत लिहून ती वही तीन वर्षं ठेवायची असते. तरी जुन्या चिठ्ठीवर तिला गोळ्या मिळत राहिल्या. दुकानदाराला काय बोलू? आणून द्यायला मीही दोनदा गेलो होतो.

पुढं डॉक्टरांच्या सल्ल्यानं आठ महिन्यांत गोळी कमी कमी करत आणली. दीडची एक, एकची अर्धी, अर्ध्याची पाव. पाव गोळी कापायला अम्मानं पानाचा अडकित्ता काढला होता. दोन वर्षांनी मोतीबिंदूसाठी गेलो, तेव्हा मी तोंड उघडण्याआधीच तिनं औषधांची पिशवी डॉक्टरांच्या टेबलावर उलटी केली. त्यात खोकल्याच्या गोळ्या होत्या, हाजमोला होता आणि तो अडकित्ताही.