साखर कारखाना ते मॉन्टगोमेरी

मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी स्मिथसोनियन या राष्ट्रीय संग्रहालयांतली ‘अनुचित विचारसरणी’ हटवण्याचा आदेश काढला. ऑगस्टमध्ये त्यांनी जाहीर तक्रार केली, की ही संग्रहालयं गुलामगिरी किती वाईट होती हेच सांगत बसतात. ते वाचल्यापासून राग शमलेला नाही. कलावंतांनी हा विषय ज्या दशकात त्या देशाला टाळू दिला नाही, ते दशक मी जवळून पाहिलं आहे.

सुरुवात त्याआधीची. १९९२ साली अमेरिकन कलावंत फ्रेड विल्सन यांनी बाल्टिमोरच्या इतिहास संग्रहालयात चांदीच्या नक्षीदार भांड्यांमध्ये गुलामांच्या बेड्या ठेवल्या. दोन्ही वस्तू त्याच संग्रहातल्या होत्या. पुढची वर्षं भराभर ओलांडावीत. २००७ साली ब्रिटनने गुलामांचा व्यापार बंद केल्याची द्विशताब्दी साजरी केली. तीत या बंदीसाठी झटलेले खासदार विल्बरफोर्स यांचं कौतुकच फार झालं. ब्रिटिश कलावंत लुबैना हिमिद यांनी मात्र २००४ मध्येच शंभर अनाम गुलाम-नोकरांच्या माणूसभर उंचीच्या रंगीत आकृती करून प्रत्येकाला नाव आणि कसब दिलं होतं. त्यांना ब्रिटनचा मानाचा टर्नर कला पुरस्कार मिळाला २०१७ मध्ये, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी. हा उशीर मी विसरलेलो नाही.

मग आलं २०१४. ब्रुकलिनचा जुना डॉमिनो साखर कारखाना पाडायला काढला होता. त्यात अमेरिकन कलावंत कॅरा वॉकर यांनी पांढऱ्या साखरेची, पस्तीस फूट उंच कृष्णवर्णीय स्त्री स्फिंक्ससारखी बसवली. भिंतींना काकवीचा वास होता. भोवती टोपल्या घेतलेली, काकवीच्या रंगाची पोरं. उन्हाळा चढला तशी त्यातली काही वितळून जमिनीवर सांडली. ऊसमळ्यांत राबून मेलेल्यांबद्दल इतकं थेट मी दुसरं काही पाहिलेलं नाही. आणि लोक तिच्या उघड्या अंगाशी चाळे करत फोटो काढत होते! मुंबईत एका समीक्षकाने मला ऐकवलं, हे सगळं सनसनाटी आहे. मला ते तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. गुलामांच्या बाजारात गिऱ्हाइकं माणसाचं शरीर अशीच न्याहाळत असत. ती नजर अजून शाबूत आहे, हे त्या शिल्पाने उघडं पाडलं.

जून २०२० मध्ये ब्रिस्टलमध्ये लोकांनी गुलामांचा व्यापारी कोलस्टन याचा पुतळा ओढून बंदरात ढकलला. त्या उन्हाळ्यात वर्णद्वेषाचा निषेध करणाऱ्या कलासंस्थांच्या पत्रकांचा पूर आला होता. आज त्यांतल्या कित्येक गप्प आहेत. वॉकर यांची साखरेची स्त्री तर कधीच मोडून टाकली गेली.

अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या मॉन्टगोमेरीतलं, जमावाने ठार केलेल्या कृष्णवर्णीयांचं स्मारक मात्र उभं आहे. २०१८ साली खुलं झालेलं हे स्मारक खाजगी देणग्यांतून बांधलेलं आहे. आत शिरताच घानाचे शिल्पकार क्वामे अकोटो-बामफो यांची साखळदंडांतली माणसं समोर येतात, त्यांत तान्हं मूल कवटाळलेली आई. पुढे त्या झुंडबळींच्या नावांचे आठशेहून अधिक पोलादी स्तंभ.

जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपलं ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अर्पण केलं ते गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना. आपलं ते जुनं नातं स्मरून सांगतो: मुलांकडे अमेरिकेला जाणार असाल तर नायगाऱ्यासाठी ठेवता तसा एक दिवस मॉन्टगोमेरीसाठी ठेवा. नातवंडांनाही सोबत न्या.