लेझीमची स्पर्धा आणि आपली मुलं

शाळेची मुलं तालुक्याला लेझीमच्या स्पर्धेला जातात. तिथं काय बघतात, ते समजून घ्या.

लेझीम म्हणजे लाकडी दांडा. त्याला लोखंडी साखळी, साखळीत चकत्या. हलगीच्या ठेक्यावर सगळ्यांची लेझीम एकदम वाजली पाहिजे, सगळ्यांचं पाऊल एकदम पडलं पाहिजे. एकट्यानं झकास नाचून भागत नाही. एक चुकला, की सगळी रांग चुकते. दिल्लीला १९८२ साली आशियाई खेळ झाले, तिथंही आपली लेझीम झाली.

आमच्या शाळेतली एक मुलगी ऐन स्पर्धेला आली नाही. घरी कांदा काढायचा होता. तिच्या जागी दुसरी उभी केली. तिचं पाऊल जुळेना. आम्ही हरलो. बाकीच्या मुली रडल्या. बापाला हे कळलं, तेव्हा तो खाली मान घालून बसला. पुढच्या वर्षी त्यानं स्वतः मुलीला आणून सोडलं.

आईबापांनो, मुलानं नाव दिलं, तर त्याला रोज सरावाला धाडा. मुलीलाही धाडा. जाताना भाकरी बांधून द्या. हरून आली, तर रागावू नका. चारचौघांत पाऊल जुळवायला ती शिकली, हे काय थोडं झालं?