तिथी, अंतर आणि दगड : शाळकरी वयातील चंद्र

सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांना चंद्राची ओळख बहुधा दोन वाटांनी होते : एक भूगोलाच्या पुस्तकातील चंद्रकलांची आकृती आणि दुसरी ‘पहिले यान’, ‘पहिला माणूस’ अशा नोंदींची यादी. दोन्ही पाठ होतात. मात्र संध्याकाळी पश्चिमेला दिसलेली कोर वाढणारी की घटणारी, हे त्या आकृतीवरून सांगणे पुष्कळांना अवघड जाते. माणसाला चंद्र ज्या क्रमाने उमगत गेला, म्हणजे आधी त्याची कालगणना, मग त्याचे अंतर, पुढे त्याचा पृष्ठभाग आणि अखेरीस त्याचे दगड, तोच क्रम या वयाला मानवणारा आहे, आणि मोहिमांचा इतिहासही त्या ओघात आला तरच त्याला अर्थ येतो.

कालगणनेची सामग्री मराठी घरात भिंतीवर टांगलेली असते. सूर्य आणि चंद्र यांच्यातील कोनीय अंतर, म्हणजे पृथ्वीवरून पाहताना त्यांच्या दिशांत पडणारा कोन, 12 अंशांनी वाढले की एक तिथी पूर्ण होते. अशा 30 तिथी सरासरी 29.53 दिवसांत संपतात. बारा चांद्रमासांचे वर्ष त्यामुळे सुमारे 354 दिवसांचे होते, सौरवर्षाच्या तुलनेत पडणारी अकरा दिवसांची तूट साठत जाते आणि ती भरून काढण्यासाठी अधिक मास धरावा लागतो. संकष्टीच्या चंद्रोदयाच्या वेळा गावोगावच्या वेगळ्या का छापलेल्या असतात आणि नागपूरकरांचा उपास मुंबईकरांच्या साधारण पंचवीस मिनिटे आधी का सुटतो, याचे उत्तर रेखांशांतील फरकात आहे. भूगोलाच्या तासाला पंचांग क्वचितच उघडले जाते. श्रद्धेचा प्रश्न बाजूला ठेवूनही ते निरीक्षणाचे उत्तम कोष्टक आहे, हे मान्य करण्यास हरकत नसावी.

चंद्रकला पृथ्वीच्या सावलीमुळे घडतात, हा या विषयातील सर्वांत चिवट गैरसमज होय. तो समजावून सांगण्यापेक्षा शुद्ध अष्टमीच्या दुपारी मुलांना मैदानावर नेणे अधिक परिणामकारक ठरते, कारण त्या वेळी पश्चिमेकडे कललेला सूर्य आणि पूर्वेकडून वर चढलेला अर्धा चंद्र एकाच आकाशात दिसतात. पृथ्वीची सावली नेहमी सूर्याच्या विरुद्ध दिशेला पडते. तेव्हा सूर्यापासून काटकोनात असलेल्या चंद्रापर्यंत ती पोहोचणे शक्यच नसते. लक्ष्मीपूजनाच्या अमावास्येला चंद्र आकाशातून नाहीसा झालेला नसतो, तो दिवसभर सूर्याच्या सोबतीने मार्गक्रमण करतो आणि त्याची उजळलेली बाजू आपल्याकडे नसते, हेही याच रीतीने पटवता येते.

अंतराच्या बाबतीत दोष आकृतीचाच आहे, कारण पानावर जागा नसल्याने पृथ्वी आणि चंद्र तिच्यात शेजारी काढावे लागतात. पृथ्वीच्या जागी 24 सेंटिमीटर व्यासाचा बास्केटबॉल ठेवला तर चंद्र साडेसहा सेंटिमीटरच्या टेनिसच्या चेंडूएवढा होतो आणि 3,84,400 किलोमीटरचे सरासरी अंतर सव्वासात मीटर भरते, म्हणजे वर्गाची एक भिंत ते दुसरी भिंत. ग्रहण दर पौर्णिमेला का होत नाही, याचा उलगडाही याच मांडणीत होतो. चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी सुमारे 5 अंशांनी कललेली असल्याने हा चेंडू सावलीच्या पातळीपासून 65 सेंटिमीटरपर्यंत वर किंवा खाली जाऊ शकतो, आणि तेवढ्या दूरवर पृथ्वीची गडद सावली जेमतेम 17 सेंटिमीटर रुंद उरते. नेम चुकणे हाच नियम आणि ग्रहण हा अपवाद ठरतो. स्वतःभोवतीची आणि पृथ्वीभोवतीची फेरी चंद्र सारख्याच काळात पुरी करतो, म्हणून त्याची एकच बाजू आपल्याला दिसते. दुसऱ्या बाजूला ‘काळी’ म्हणण्याची सवय मात्र मोडली पाहिजे, कारण ऊन तिलाही तेवढेच मिळते.

पृष्ठभागाचा अभ्यास 1609 साली गॅलिलिओने दुर्बीण रोखली तेव्हा खऱ्या अर्थाने सुरू झाला. उजेड आणि अंधार यांच्या सीमारेषेपलीकडे, काळोखात सुटे चमकणारे ठिपके म्हणजे ऊन आधी पोहोचलेली शिखरे, हे ओळखून त्याने डोंगरांच्या उंचीचा अंदाज बांधला. साध्या द्विनेत्रीतून अष्टमीच्या सुमारास विद्यार्थ्यांना ही सीमारेषा पाहता येते. कोजागिरीचा चंद्र दुधासाठी कितीही उत्तम असला तरी त्यावर सावल्याच नसल्याने विवरे पाहण्यास तो सर्वांत कुचकामी. ज्या काळसर डागांत ससा किंवा हरीण पाहिले जाते, ती लाव्हा पसरून थिजलेली बेसॉल्टची मैदाने आहेत, आणि बेसॉल्ट म्हणजे सह्याद्रीचा काळा कातळच. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचे विवर अशाच कातळावर झालेल्या आघातातून बनले. आघाताच्या दाबाने खनिजाची काच झाल्याचा पुरावा तिथे 1970च्या दशकात मिळाला आणि चंद्रावरील विवरे समजून घेण्यासाठी ते अभ्यासले जाऊ लागले. महाराष्ट्रातील शाळेला चंद्राचा इतका जवळचा नमुना उपलब्ध असताना लोणारची सहल केवळ सरोवर पाहून परतावी, हे खेदाचे आहे.

सोव्हिएत संघाच्या लूना-3 यानाने ऑक्टोबर 1959 मध्ये चंद्राच्या पलीकडच्या बाजूची छायाचित्रे घेतली, तेव्हा तिथे अशी काळी मैदाने फारच थोडी असल्याचे दिसले. जुलै 1969 पासून डिसेंबर 1972 पर्यंत अपोलो मोहिमांतून बारा अंतराळवीर चंद्रावर उतरले. पहिल्या पावलाचीच आठवण जगाने ठेवली, परंतु त्यांनी आणलेल्या 382 किलो दगडमातीने विज्ञानाला त्या पावलाहून पुष्कळ अधिक दिले. उजळ भागातील अ‍ॅनॉर्थोसाइट या फिकट खडकावरून असे अनुमान निघाले, की आरंभी चंद्राचा बराच भाग वितळलेला होता आणि हलकी खनिजे तरंगून वर आली. सुमारे साडेचार अब्ज वर्षांपूर्वी मंगळाएवढा एक पिंड पृथ्वीवर आदळला आणि त्या राडारोड्यातून चंद्र घडला, या आज सर्वाधिक मान्य असलेल्या मताचा मोठा आधार हेच नमुने आहेत. तिथे ठेवलेल्या परावर्तकांवर लेसर किरण पाठवून चंद्र दरवर्षी 3.8 सेंटिमीटरने दूर जात असल्याचे मोजले जाते.

अपोलोचे दगड कोरडे ठरले आणि पाण्याचा विषय बराच काळ मागे पडला. चंद्राचा अक्ष जेमतेम दीड अंश कललेला असल्याने ध्रुवांजवळच्या काही विवरांच्या तळाशी ऊन कधीच पोहोचत नाही, आणि तिथे बर्फ टिकून असावा या तर्काला 1990च्या दशकातील अमेरिकी यानांनी बळ दिले. 22 ऑक्टोबर 2008 रोजी, ऐन दिवाळीच्या तोंडावर निघालेल्या चांद्रयान-1 वरील अमेरिकी उपकरणाने पृष्ठभागावर पाण्याच्या आणि हायड्रॉक्सिलच्या खुणा टिपल्या. 2009 साली जाहीर झालेल्या या निष्कर्षाने पुढच्या अनेक मोहिमांचा रोख दक्षिण ध्रुवाकडे वळवला. सप्टेंबर 2019 मध्ये चांद्रयान-2चा अवतरक उतरता उतरता गमावला गेला, परिक्रमा करणारा भाग मात्र कामात राहिला.

चांद्रयान-3चा ‘विक्रम’ हा अवतरक 23 ऑगस्ट 2023 रोजी सुमारे 69 अंश दक्षिण अक्षांशावर उतरला. त्या दिवशी निज श्रावण शुद्ध सप्तमी होती, आणि हा योगायोग नव्हे : यान सौरऊर्जेवर चालणारे, चंद्रावरचा दिवस पृथ्वीच्या सुमारे चौदा दिवसांचा, तेव्हा उतरण्याच्या जागी सूर्य नुकताच वर आलेला असणे आवश्यक होते, आणि चंद्रावर कुठे ऊन पोहोचले आहे हे तिथीवरूनच कळते. वद्य पंचमीच्या सुमारास तिथे मावळतीची वेळ आली आणि विक्रम निद्रावस्थेत ठेवण्यात आला. दरम्यान मातीत खुपसलेल्या तापमापक सळईने पृष्ठभागाजवळ 50 अंश सेल्सिअसहून अधिक, तर अवघ्या 8 सेंटिमीटर खोलीवर उणे 10 अंशांच्या आसपास तापमान नोंदवले. वीतभरही नसलेल्या खोलीत साठ अंशांचा उतार पडतो, कारण निर्वात जागेतील ती भुसभुशीत धूळ उष्णता आत जाऊच देत नाही. पट्टीवर 8 सेंटिमीटर मोजून हा आलेख काढणे सातवीच्या विद्यार्थ्याला सहज जमते.

त्याच ऑगस्टमध्ये रशियाचे लूना-25 कोसळले, आणि जून 2024 मध्ये चीनच्या छांग-अ-6 मोहिमेने पलीकडच्या बाजूची माती प्रथमच पृथ्वीवर आणली. भारताच्या चांद्रयान-4 मोहिमेला सप्टेंबर 2024 मध्ये मंजुरी मिळाली असून तिचा उद्देशही नमुने आणण्याचाच आहे. त्यासाठी दोन यानांची अंतराळात जोडणी करावी लागते, आणि तिची चाचणी इस्रोने जानेवारी 2025 मध्ये स्पेडेक्स मोहिमेत यशस्वी केली.