गोधडी शिकताना सुई सांभाळा

मे महिन्यात आजी नातवंडांना (नातवांनाही, हे बरेच!) गोधडी शिकवायला बसते आणि माझ्याकडे टोचलेली बोटे येऊ लागतात. बोटाला हळद-चुना फासू नये. साबणाने वाहत्या पाण्याखाली धुवावे. दहाव्या व सोळाव्या वर्षीची धनुर्वाताची लस राहिली असल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात टोचून घ्यावी. सुईचा तुकडा आत राहिला तर घरी कोरत बसू नका, लगेच दाखवा.

नवशिक्याला प्रथम दोनच थर द्यावेत. जाड थरांतून सुई रेटताना ती निसटते. बोटात अंगुस्तान हवेच. धावदोरा वाकडा गेला तरी चालेल. मात्र सुया मोजून द्या, मोजून परत घ्या. गोधडीत विसरलेली सुई रांगत्या बाळाच्या गुडघ्यात शिरलेली मी पाहिली आहे.