मृदुकरण यंत्राचे खारे निचरापाणी व खानदेशातील काळी जमीन

पूर्णा नदी विदर्भातील खारपाणपट्ट्यातून वाहत येऊन मुक्ताईनगर तालुक्यात चांगदेव येथे तापीस मिळते. मुक्ताईनगर, म्हणजे पूर्वीचे एदलाबाद, व त्याच्या आसपासची खेडी खोल काळ्या मातीवर वसलेली आहेत. विहिरीचे पाणी दुष्फेन असले की साबणास फेस येत नाही आणि भांड्यांवर पांढरी पुटे चढतात. म्हणून काही घरांतून मृदुकरण यंत्रे बसविली जातात. जेथे भुयारी गटार नाही, केवळ सेप्टिक टाकी व शोषखड्डा आहे, तेथे या यंत्राचे खारे निचरापाणी कोठे सोडावे, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम यंत्राची क्रिया ध्यानात घेऊ. यंत्रातील राळेचे मणी पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि त्यांच्या बदल्यात सममूल्य सोडियम पाण्यात सोडतात. राळेची शक्ती संपली म्हणजे तिच्यातून मिठाचे तीव्र द्रावण फिरवून तिचे पुनरुज्जीवन करतात. या वेळी कॅल्शियम, मॅग्नेशियम व उरलेले मीठ असे सर्व मिळून दीडदोनशे लिटर पाणी बाहेर पडते.

समजा, दुष्फेनता लिटरला ५०० मिलिग्रॅम (कॅल्शियम कार्बोनेटच्या मापाने) आहे व रोज ३०० लिटर पाणी मृदू केले जाते. त्यातील कॅल्शियम-मॅग्नेशियम ३ ग्रॅम-सममूल्य होते. सिद्धांतानुसार त्यास सुमारे १७५ ग्रॅम मीठ पुरे. व्यवहारात दुप्पट लागते असे धरल्यास रोज ३५० ग्रॅम, म्हणजे वर्षाकाठी सुमारे १२८ किलोग्रॅम मीठ त्या एका घराच्या आवारात उतरते. टाकीतील जिवाणू सेंद्रिय द्रव्याचे विघटन करतात. परंतु सोडियम अथवा क्लोराइड यांपैकी कशाचाही नाश ते करू शकत नाहीत. शोषखड्डा विहिरीपासून १८ मीटर दूर ठेवण्याचा संकेत रोगजंतूंच्या दृष्टीने उपयुक्त आहे. क्लोराइडास मात्र ते अंतर अडवीत नाही.

खारे पाणी टाकीत गेल्यास जिवाणू मरतील, म्हणून ते वेगळे काढावे, असे सामान्यतः सांगितले जाते. हे मत तपासून घ्यावयास हवे. १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात या विषयाचा अभ्यास झाला. त्यात पुढे आलेला मुद्दा असा की, निचरापाण्यात सोडियमबरोबर कॅल्शियम व मॅग्नेशियमही असतात, आणि मातीची पाझरक्षमता या दोहोंच्या प्रमाणावर अवलंबून असते.

वरील उदाहरणातच हे पाहता येते. निचरापाणी वेगळे काढले, तर टाकीत जाणाऱ्या मृदू पाण्यात दर लिटरला १० मिलिसममूल्य सोडियम असेल व कॅल्शियम जवळजवळ नसेल. चिकणमातीस याहून प्रतिकूल पाणी क्वचितच असेल. निचरापाणी त्यातच मिसळले, तर सोडियम २० व कॅल्शियम-मॅग्नेशियम १० मिलिसममूल्य होऊन सोडियम-अधिशोषण गुणोत्तर सुमारे ८.९ येते. मीठ तिप्पट वापरल्यास ते १३.४ होते, दीडपट वापरल्यास ६.७. आणि स्वयंपाकघर व शौचकूप यांचे आणखी ३०० लिटर पाणी मृदू न करता तसेच वापरले, तर दुप्पट मीठ धरूनही गुणोत्तर ४.५ च्या आसपास उतरते. (पाण्यातील मूळचे सोडियम येथे हिशेबात घेतलेले नाही.) निचरा कोठे सोडावा याइतकेच किती पाणी मृदू करावे व किती मीठ वापरावे हेही महत्त्वाचे आहे, असा याचा अर्थ होतो.

तथापि परदेशातील निष्कर्ष काळ्या जमिनीस जसाच्या तसा लागू करणे धोक्याचे आहे. येथील माती फुगणाऱ्या चिकणखनिजाची बनलेली आहे. विनिमयक्षम सोडियम १५ टक्क्यांवर गेल्यास जमीन चोपण समजावी, असा मानदंड अमेरिकेच्या रिव्हरसाइड येथील प्रयोगशाळेच्या १९५४ च्या पुस्तिकेने रूढ केला. पूर्णा खोऱ्यातील मातीवरील १९९६ च्या संशोधनात मात्र त्याहून पुष्कळ कमी सोडियमनेही पाण्याचा निचरा मंदावतो असे आढळले. शिवाय उन्हाळ्यात खाऱ्या द्रावणामुळे मातीचे कण एकत्र राहतात. मृगाचे गोडे पाणी पडताच ते विखुरतात व छिद्रे बुजतात. म्हणून वर्षभर उत्तम चाललेला शोषखड्डा नेमका पावसाळ्यात तुंबू शकतो.

निचरापाणी परसात किंवा केळीच्या आळ्यात सोडणे तर सर्वथा त्याज्य होय. केळ क्षारांस फार हळवी आहे. ओढ्यात सोडल्यास मीठ तापीत व पुढे हतनूरच्या जलाशयात जाते. कॅलिफोर्नियातील सँटा क्लॅरिटा खोऱ्यात याच कारणास्तव, नदीतील क्लोराइड खालच्या शेतीस बाधते म्हणून, २००८ मध्ये मतदारांनी स्वयंचलित मृदुकरण यंत्रे काढून टाकण्याचा निर्णय घेतला.

तेव्हा व्यवहार्य मार्ग पुढील क्रमाने सुचविता येतील. भुयारी गटार असेल तेथे निचरा त्यात सोडावा. त्याने आवारातील माती वाचते, नदीवरचा भार मात्र उरतो. ते नसेल तर स्नान व धुणे एवढ्यापुरतेच पाणी मृदू करावे. पिण्याचे पाणी तसेच ठेवावे, कारण मृदू केलेल्या पाण्यात वरील उदाहरणात लिटरला २३० मिलिग्रॅम सोडियम वाढते. पुनरुज्जीवन घड्याळाच्या काट्यावर न करता वापरलेल्या पाण्याच्या मापावर करावे. टाकी पुरेशी मोठी असेल, तर निचरा तिच्यात संथपणे सोडावा, म्हणजे तळचा गाळ ढवळणार नाही. विहीर जवळ असेल किंवा शोषखड्डा आधीच मंद असेल, तर अस्तर केलेले उथळ बाष्पीभवन-कुंड बांधावे. रोज सरासरी ५० लिटर निचरा व ५ मिलिमीटर बाष्पीभवन धरल्यास त्यास १० चौरस मीटर जागा लागते. पावसाळ्यात त्यावर आच्छादन व साठवणीची निराळी सोय हवी, आणि साचलेले मीठ पुन्हा मातीत जाणार नाही अशी दक्षता हवी.

यांपैकी कोणताही मार्ग मीठ नाहीसे करीत नाही. तो केवळ त्याचे स्थान बदलतो. म्हणून यंत्र बसविण्यापूर्वी पाण्याबरोबर आवारातील मातीचीही परीक्षा करून घेणे श्रेयस्कर ठरेल. चोपण झालेली जमीन जिप्सम घालून सुधारता येते. परंतु त्यास अनेक हंगाम लागतात, आणि उत्तम निचऱ्यावाचून ती सुधारणा टिकत नाही.