डुलकी, आळस आणि ऑरेक्सिन

लंचनंतरच्या मीटिंगमध्ये डोळे मिटायला लागले, तर दोष बहुतेक वेळा आदल्या रात्रीच्या जागरणाचा. पण रात्री आठ तास झोप काढूनही एखादा महिनोन्महिने बोलताना, जेवताना, अगदी सिग्नलला बाइकवरही पेंगत असेल तर? ऑफिसात तो ‘कुंभकर्ण’ ठरतो, घरी ‘आळशी’. खरं कारण मात्र मेंदूतलं एक चिमुकलं रसायन असू शकतं.

त्याचं नाव ऑरेक्सिन. हे पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांची छोटीशी साखळी. मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमधल्या सुमारे ७० हजार पेशी ते बनवतात. अब्जावधी पेशींच्या मेंदूत ही संख्या म्हणजे चिल्लर! पण जागं ठेवणाऱ्या सगळ्या केंद्रांना ‘चालू राहा’ हा निरोप इथूनच जातो. या पेशी मेल्या की जाग आणि झोप यांची सरमिसळ होते. नार्कोलेप्सीच्या मुख्य प्रकारात नेमकं हेच घडतं.

कुत्र्यांनी दिला क्लू

१९९८ मध्ये अमेरिकेतल्या दोन गटांनी हे पेप्टाइड स्वतंत्रपणे शोधलं. एका गटाला ते भुकेचं रसायन वाटलं, म्हणून ग्रीक भाषेतल्या भुकेच्या शब्दावरून ‘ऑरेक्सिन’ हे नाव पडलं. पुढच्याच वर्षी स्टॅनफर्डमध्ये इमॅन्युएल मिन्यो यांच्या टीमने डॉबरमन कुत्रे तपासले. आवडीचं खाणं दिसताच आनंदाच्या भरात कोसळणारे हे कुत्रे! ऑरेक्सिनचा निरोप घेणारा त्यांचा रिसेप्टरच बिघडलेला निघाला. २००० मध्ये मृत रुग्णांचे मेंदू तपासले, तर ऑरेक्सिनच्या पेशी जवळपास गायब होत्या.

हसता हसता गुडघे लुळे

माणसांतही असंच होतं. जोकवर खळखळून हसताना गुडघ्यांतलं बळ जातं, मान कलते. शुद्ध मात्र पूर्ण असते. याला कॅटाप्लेक्सी म्हणतात. कुणाला ती फिट वाटते, कुणाला नाटक. सततच्या झोपेवर ‘डिप्रेशन’चा शिक्का बसतो आणि खऱ्या निदानात वर्षं जातात. आजार बहुधा कॉलेजच्या किंवा पहिल्या नोकरीच्या वयात डोकं वर काढतो, म्हणजे करिअर ऐन रंगात येतानाच.

उलटा फंडाही आहे. ज्यांना झोपच येत नाही, त्यांच्यासाठी ऑरेक्सिनला अडवणारी सुवोरेक्सँट ही गोळी अमेरिकेत २०१४ मध्ये मंजूर झाली. नार्कोलेप्सीसाठी ऑरेक्सिनचं काम करणाऱ्या औषधाच्या मोठ्या चाचण्यांचे आशादायक निकाल २०२५ मध्ये आले.

मग करायचं काय?

• पुरेशी झोप घेऊनही तीन महिने पेंग जात नसेल, तर न्यूरोलॉजिस्ट किंवा स्लीप क्लिनिक गाठा.
• रात्रभराची झोप-तपासणी आणि दुसऱ्या दिवशीची डुलक्यांची चाचणी, दोन्ही करून घ्या.
• निदान होईपर्यंत गाडी चालवू नका.
• औषधं आणि ठरावीक वेळी घेतलेली छोटी डुलकी यांनी बराच फरक पडतो. बॉसला सांगून दुपारची १५-२० मिनिटं मागून घ्या.

आणि शेजारच्या क्युबिकलमध्ये कुणी सतत पेंगत असेल, तर टोपणनाव ठेवण्याआधी एकदा विचारा, “डॉक्टरांना दाखवलंस का?”